काळ्या पाषाणाच्या काठापर्यंत

लासूर स्टेशनच्या फलाटावरून मनमाडच्या अंगाला चालत राहिलात की फलाट संपतो आणि रुळांखालची खडी पायाशी येते. तिच्यातला एक तुकडा हातात घ्या. उन्हानं तापलेला, कडा धारदार, अंग काळंभोर. डोळ्याजवळ धरलात तर आत बारीक पांढरे ठिपके दिसतील. पलीकडे कांद्याच्या गोण्या लादलेले टेम्पो मार्केटकडे वळत असतात, तुमच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. वय सुमारे ६.६ कोटी वर्षं.

तुम्हाला भेटायचंय समुद्रात राहणाऱ्या सरीसृपांना, आणि या दगडात त्यांचं एकही हाड मिळायचं नाही. तरीही निघायचं इथूनच. त्या प्राण्यांमधले शेवटचे समुद्रात पोहत होते, त्याच काळात हा दगड पातळ होऊन इथल्या जमिनीवरून वाहत होता. त्यांच्यापर्यंत जाण्याचा रस्ता याच्या खालून आणि याच्या काठावरून जातो.

शिवनेच्या बाजूला एका शेतात विहिरीचं काम चालू आहे. काठावर उभे राहून आत डोकावता तेवढ्यात मालक विचारतात, "काय पाहू राहिले भाऊ? अजून पाणी नाही लागलं."

"दगड पाहतोय काका. कसा कसा लागला?"

"वर काळी माती, मंग मुरूम. मंग मांजऱ्या लागला, खाली नुसता पाषाण. मधी एक तांबडा थर लागला होता हातभर. त्याला सुरुंगबी नाही लागला, कुदळीनंच निघाला."

शिडीनं खाली उतरा. वरची काळी माती पाठीमागे पडते, तिच्याबरोबर माणसाचा सगळा इतिहास. अशाच नदीकाठच्या गाळात, पश्चिमेला नांदूर मधमेश्वरजवळ, आज नामशेष झालेल्या हत्तीची कवटी मिळाली होती, हे जाता जाता ध्यानात ठेवा. मग मुरूम. मग मांजऱ्या, म्हणजे ज्या लाव्हातून वायूचे बुडबुडे निघत असतानाच तो गोठला तो दगड. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पाण्यानं पांढरी खनिजं आणून भरली, तेच खडीतले ठिपके. त्याखाली घट्ट पाषाण. आणि मग तो तांबडा थर.

इथे थांबून बोटानं खरवडून पाहा. हाताला वीटकरी रंगाची पूड लागते. ही जुनी माती आहे. लाव्हाचा एक लोंढा येऊन गेला, थंडावला, त्यावर पाऊस पडला, दगड कुजला, माती झाली, आणि मग पुढच्या लोंढ्यानं ती भाजून वरून झाकली. दोन लोंढ्यांमध्ये जेवढा काळ गेला तेवढा या हातभर थरात आहे. वेरूळला लेणी पाहताना कातळावर आडव्या रेघा दिसतात, त्याही अशाच लोंढ्यांच्या सीमा. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोएन आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या अशाच तांबड्या थरांतून झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेचले. ज्वालामुखीच्या राखेबरोबर येऊन ते मातीत पडले होते. त्यांच्यातल्या युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून त्यांनी २०१५ आणि २०१९ साली या लोंढ्यांच्या तारखा लावल्या. लाव्हाचा मुख्य भर ७ ते ८ लाख वर्षांत ओतला गेला, असं त्यातून निघालं. विहीर खोदणाऱ्यांच्या कुदळीला लागणारा तांबडा थर पृथ्वीच्या घड्याळातला इतका नेमका काटा ठरावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता आणखी खाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप मराठवाड्यात कुणाला सांगावा लागत नाही. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल भोक पाडलं. ३३८ मीटर काळा पाषाण, मग जेमतेम ८ मीटर गाळाचा दगड, आणि त्याखाली थेट जुनाट ग्रॅनाइटी खडक. म्हणजे लाव्हा यायच्या आधी दख्खनची ही जमीन फार जुनी, झिजलेली, कोरडी होती. समुद्राचे जाड थर तिच्यावर बसलेच नव्हते. या उघड्या खडकावर पाय टेका. वर्ष आहे आजपासून सुमारे १५.२ कोटी वर्षांपूर्वीचं.

भर दुपार आहे, आणि तुमची सावली दक्षिणेकडे पडली आहे. सूर्य उत्तरेकडून तापतोय, कारण तुम्ही विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला आहात. भारत अजून आशियाचा नाही. त्याच्या एका कुशीला मादागास्कर चिकटलं आहे, दुसरीकडे अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया. आसपास पाहा. गवताचं एक पातं नाही. फूल नाही, मोहोर नाही, बाभूळ नाही, कापूस नाही. नेचे आहेत, सायकसच्या जातीची ठेंगणी झाडं आहेत, आणि वर सूचिपर्णी वृक्ष. दिवस आपल्या दिवसापेक्षा थोडा लहान आहे, कारण पृथ्वी तेव्हा जरा वेगानं फिरत होती. रात्र झाली की ओळखीचं एकही नक्षत्र आकाशात नसेल.

वायव्येकडे चालू लागा. लासूरपासून सरळ रेषेत सुमारे ६५० किलोमीटर. आज तिथे कच्छ आहे, भुजच्या ईशान्येला लोडाई नावाचं गाव आहे. तेव्हा तिथे समुद्र होता. आफ्रिका आणि भारत-मादागास्कर यांच्यात जमीन फाटून आखात तयार झालं होतं, आणि उत्तरेच्या टेथिस समुद्राचं पाणी त्यातून आत शिरलं होतं. नद्या वाळू आणि चिखल आणून किनाऱ्यालगत ओततात. पाणी उथळ आहे, ऊबदार आहे, आणि जिवांनी भरलेलं आहे.

पाण्यात शिरा. मला विचाराल तर या सगळ्या वाटेवर जास्तीत जास्त वेळ इथेच काढावा.

पहिले दिसतात अमोनाइट. गुंडाळलेला शंख, त्याच्या तोंडातून बाहेर आलेले बाहू, आणि चाल मागे मागे. पाणी जोरानं बाहेर फेकायचं आणि उलट दिशेला सरकायचं. काही तळहाताएवढे, काही परातीत मावणार नाहीत असे. त्यांच्यामधून झपकन निघून जाणारे बेलेम्नाइट. आपल्या कोकणात ज्याला माकूळ म्हणतात त्याच्या नात्यातले, पण यांच्या शरीरात मागच्या टोकाला दगडासारखी टणक सुळी असायची. ती सुळीच आज कच्छच्या खडकांत विखुरलेली सापडते.

मग अमोनाइटांचा थवा एकदम फुटतो. डावीकडच्या गढूळ पाण्यातून एक लांब, निमुळतं थोबाड पुढे येतं.

हा इक्थिओसॉर. लांबी ५ ते ५.५ मीटर. थोबाड ते शेपूट एकाच ओघात उतरत गेलेलं, मान अशी वेगळी दिसतच नाही. पाठ गडद, पोट फिकं. कातडीवर खवले नाहीत, ती गुळगुळीत आहे आणि तिच्याखाली चरबीचा थर आहे. हे शेवटचे तपशील २०१८ साली जर्मनीतल्या एका उत्कृष्ट टिकलेल्या इक्थिओसॉरच्या कातडीच्या अभ्यासातून कळले. तो प्राणी कच्छच्या प्राण्याहून जुना, पण घराणं एकच. चरबी होती म्हणजे शरीराची ऊब टिकवायची गरज होती. दातांमधल्या ऑक्सिजनच्या अभ्यासातूनही तेच निघतं, की हे प्राणी भोवतालच्या पाण्याहून गरम होते. पाल, सरडा, मगर यांच्यावरून सरीसृपांची जी कल्पना आपण करून घेतो, ती इथे सोडून द्यावी लागते. आणि हो, डायनासोरही नव्हेत हे. घराणं वेगळं. जमिनीवर राहणारे सरीसृप २५ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास समुद्रात परतले, त्यांचे हे वंशज.

तो तुमच्या बाजूनं जातोय, तेव्हा शेपूट पाहा. मालवणच्या समुद्रात तुम्ही डॉल्फिन पाहिला असेल. डॉल्फिनची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. इक्थिओसॉरची शेपटी उभी, चंद्रकोरीच्या आकाराची, डावी-उजवीकडे हलणारी. पाठीचा कणा शेपटीजवळ अचानक खाली वाकतो आणि कोरीच्या खालच्या पात्यात शिरतो. वरचं पातं निव्वळ मांसाचं. म्हणून पहिल्या-पहिल्यांदा सांगाडे मिळाले तेव्हा शेपटी मोडलेली आहे असाच अभ्यासकांचा समज झाला होता.

पुढचा वल्हा बघा. वल्ह्याच्या आत बोटं आहेत, पण ती बोटं अशी ओळखू यायची नाहीत. हाडांच्या लहान-लहान चकत्या एकमेकींना खेटून बसल्या आहेत, आपल्या बोटात जितकी पेरं त्याच्या कितीतरी पट. दंडाच्या हाडाला खाली तीन हाडं जोडलेली असणं ही या प्राण्याच्या कुळाची खूण. कुळाचं नाव ऑफ्थॅल्मोसॉरिडी, आणि ते नाव पडलं डोळ्यांमुळे.

डोळ्याला डोळा भिडवा. या कुळातल्या साधारण ४ मीटरच्या प्राण्याचा डोळा २२ सेंटीमीटरच्या आसपास रुंद होता. बुबुळाभोवती हाडांच्या पात्यांचं कडं असतं, आणि जीवाश्मात ते कडं टिकतं, म्हणूनच हे मोजमाप शक्य झालं. खोल पाण्यात दाब वाढतो तेव्हा एवढ्या मोठ्या डोळ्याचा आकार हे कडं सांभाळत असणार. डोळा एवढा मोठा असण्याचं काम एकच, अंधुक उजेडात भक्ष्य दिसावं. काही इक्थिओसॉरांच्या दंडाच्या आणि मांडीच्या हाडांची डोकी आत खचलेली सापडतात. खोल बुडी मारून घाईनं वर आलं की रक्तात नत्राचे बुडबुडे होतात आणि हाडाचा पुरवठा तुटतो. पाणबुड्यांना होतो तोच आजार. खोल पाण्यात उतरण्याची किंमत हे प्राणी अंगावर भोगत होते, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

आता तो वर निघालाय. माशासारखे कल्ले याला नाहीत, फुप्फुसं आहेत. कितीही खोल गेला तरी श्वासाला वर यावंच लागतं. नाकपुड्या थोबाडाच्या टोकाला नसून मागे, डोळ्यांच्या जवळ आहेत. पाठ पाण्याबाहेर येते, फुस्सकन हवा सुटते, आणि तो पुन्हा खाली.

पुन्हा अमोनाइटांमध्ये. या वेळी जबडा मिटतो तेव्हा शंख फुटल्याचा आवाज तुम्हाला पाण्यातून छातीत जाणवतो. जबड्यात दातांना वेगवेगळी खोबणी नाहीत, एका लांब चरीत ते ओळीनं बसलेले आहेत, बुंध्याशी उभ्या रेघा असलेले. जवळून पाहाल तर टोकं झिजलेली दिसतील. मऊ मासे खाऊन दात असे झिजत नाहीत. लोडाईला सापडलेल्या याच प्राण्याच्या सांगाड्यातल्या दातांची झीज पाहून अभ्यासकांनी हेच अनुमान काढलं, की याचं खाणं कडक होतं. कवचाचे अमोनाइट, चिलखती खवल्यांचे मासे. या समुद्रात याच्या वर कुणी नव्हतं.

जरा दूर, उथळ पाण्यात एक मादी संथ फेऱ्या घेतेय. तिच्या पोटाखालून एक छोटी शेपटी बाहेर आली आहे. इक्थिओसॉर अंडी घालत नसत. अंडी घालायला किनाऱ्यावर चढणं या शरीराला शक्यच नव्हतं. जर्मनीतल्या हॉल्त्समाडेनच्या काळ्या पाटीदार दगडांत पोटात पिल्लं असलेल्या कितीतरी माद्या मिळाल्या, काहींचं पिल्लू अर्धं बाहेर आलेलं. बहुतेक पिल्लं शेपटीकडून जन्मत. चीनमध्ये मात्र २०१४ साली फार जुन्या, सुमारे २४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या नात्यातल्या प्राण्याचं पिल्लू डोक्याकडून बाहेर येताना सापडलं. जमिनीवरचे प्राणी असे जन्मतात. म्हणजे पिल्लं जन्माला घालण्याची रीत त्यांच्या पूर्वजांनी समुद्रात शिरण्याआधी, जमिनीवर असतानाच उचलली असावी. तुमच्या डोळ्यांसमोर पिल्लू सुटून निघालं. आईनं वळून पाहिलं की नाही, हे मात्र हाडांतून कळत नाही.

समुद्रात आणखीही घराणी आहेत. चार वल्ह्यांनी पाण्यात उडत जाणारे प्लेसिओसॉर याच कच्छच्या पाण्यात होते. थोड्या वरच्या, उमियाच्या थरांतून मिळालेला त्यांच्यापैकी एकाच्या जबड्याचा तुकडा १८७०च्या दशकात रिचर्ड लिडेकरनं नोंदवला होता. पण एका तुकड्यावरून त्या प्राण्याचं जगणं सांगणं मला पटत नाही, म्हणून पुढे जाऊ.

एक दिवस तो मोठा इक्थिओसॉर मरतो. कशानं, याच्या खुणा शरीरावर नाहीत. तो खाली जातो आणि चिखलात बसतो. आता सगळं अवलंबून आहे ते पुढच्या काही महिन्यांवर. खेकडे, मासे, लाटा यांनी त्याला ओढला असता तर मणके इकडेतिकडे विखुरले असते. तसं झालं नाही. मणके ओळीनं जागच्या जागी राहिले. नदीनं आणलेला गाळ त्याच्यावर चढत गेला. मांस गेलं, हाडांच्या छिद्रांत खनिजं भरली, वरच्या ओझ्यानं चिखलाचा दगड झाला. आजूबाजूला बेलेम्नाइटांच्या सुळ्या आणि अमोनाइटांचे शंख तसेच गाडले गेले. हाच दगड भूशास्त्रात कात्रोल गट म्हणून ओळखला जातो.

तुम्ही त्याच्याजवळ थांबा आणि काळ पुढे सरकू द्या.

त्याचे भाऊबंद फाटीतून दक्षिणेकडे जातात. मादागास्कर, दक्षिण अमेरिका, तिकडे युरोप आणि आर्क्टिक, सगळीकडे त्या काळच्या खडकांत हेच कुळ मिळतं. मधल्या सागरी वाटा मोकळ्या होत्या, याची साक्ष त्यांची हाडं देतात. मग १० कोटी वर्षांच्या आसपास पूर्वेला, आजच्या तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळच्या समुद्रात इक्थिओसॉर दिसतात. आणि साधारण ९.४ कोटी वर्षांपूर्वी घराणंच संपतं. लाव्हा नाही, उल्का नाही. समुद्र तापले, खोल पाण्यातला प्राणवायू घटला, खाणं बदललं, आणि १५ कोटी वर्षं टिकलेले प्राणी हळूहळू उरले नाहीत. डायनासोरांच्या अंताची गोष्ट इतकी गाजते की या आधीच्या अंताकडे कुणी बघत नाही, याची मला खंत वाटते.

त्याच सुमाराला समुद्र आपल्या बाजूला सरकतो. पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात पाणी आत शिरतं आणि आजच्या धार जिल्ह्यातल्या बागपर्यंत पोचतं. लासूर स्टेशनपासून बाग म्हणजे जवळजवळ सरळ उत्तरेला, २७० किलोमीटर. मुंबईच्या समुद्राएवढंच लांब म्हणा. त्या आखाताच्या तळावर सागरी अर्चिन, कालवं, अमोनाइट, शार्कचे दात साठले. या बागच्या थरांवर पुण्यातल्या मंडळींनी आयुष्यं घातली. जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांचा तिथल्या अर्चिनांवरचा निबंध १९३७ चा. पुढे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांनी आणि आर. एम. बडवे यांनी शिंपल्यांपासून अमोनाइटांपर्यंत त्या समुद्राची तपशीलवार मोजदाद केली. हातात हातोडा, पिशवीत नमुने, आणि उन्हातली पायपीट. समुद्राच्या जुन्या जिवांवर मराठी माणसांनी किती बारकाईनं काम केलं, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं होतं.

समुद्र मागे हटतो. मादागास्कर सुटून जातं. भारत उत्तरेकडे निघतो.

६.६ कोटी वर्षांच्या अलीकडे-पलीकडे तुम्ही पुन्हा लासूरच्या जमिनीवर उभे आहात. ही जागा आता आजच्या रियुनियन बेटाच्या आसपासच्या समुद्रभागावर आहे. पूर्वेला चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याकडच्या पिजदुऱ्याच्या माळावर लांब मानेचे टायटॅनोसॉर चरतायत. त्यांची दगड झालेली विष्ठा तिथल्या शेतांत आजही सापडते, आणि २००५ साली तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले. दगड झालेली विष्ठा ओळखायची विद्या मूळची इंग्लंडच्या किनाऱ्यावरची, इक्थिओसॉरांच्या पोटात मिळालेल्या गोळ्यांवरून शिकलेली. त्या किनाऱ्यावर मेरी अॅनिंग नावाची गरीब घरातली मुलगी आणि तिचा भाऊ यांनी १८११-१२ मध्ये पहिला गाजलेला इक्थिओसॉर बाहेर काढला. शाळेचं शिक्षण नावापुरतं, पण असे गोळे या प्राण्यांच्या पोटात असतात हे तिच्या नजरेनं हेरलं आणि विल्यम बकलंडनं १८२९ साली ते शास्त्रात मांडलं. पिजदुऱ्याच्या गवताचा पत्ता लागला तो या विद्येमुळे.

आता जमीन फाटते. डोंगर फुटून आग उडतेय असं काही नाही, लांबच लांब भेगांमधून लाव्हा वर येतो आणि पसरत जातो. वरची साय गोठते, आतून पातळ दगड पुढे ढकलला जातो, साय फुगते, पुढे आणखी एक जीभ सुटते. गंधकाचा वायू घशाला झोंबतो. मग वर्षानुवर्षं, कधी हजारो वर्षं शांतता. खळग्यांत पाणी साचतं, गोड्या पाण्याच्या गोगलगायी येतात, झाडं उगवतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच तळ्याच्या गाळातून बेडूक आणि कासव मिळालं, बेडकाचं वर्णन रिचर्ड ओवेननं १८४७ साली केलं. मग पुन्हा लोंढा. तुमच्या पायाखालची माती भाजून तांबडी होते.

दूरच्या समुद्रांत अजून दोन मोठी घराणी आहेत. प्लेसिओसॉर, आणि घोरपडीच्या नात्यातले मोसासॉर, काही १२ मीटरच्याही वर. मोसासॉरांच्या शेपटीलाही पुढे इक्थिओसॉरांसारखं पातं फुटलं होतं, निराळ्या रक्ताच्या प्राण्यांना पाण्यानं पुन्हा तोच आकार दिला. लाव्हा वाहत असतानाच, आजच्या मेक्सिकोत, उल्का आदळते. धूळ आणि काजळी आकाश झाकते, पाण्याच्या वरच्या थरातल्या सूक्ष्म वनस्पतींना उजेड मिळत नाही, त्यांच्यावर जगणारे मरतात, मग त्यांच्यावर जगणारे. अमोनाइट संपतात, मोसासॉर संपतात, प्लेसिओसॉर संपतात. कच्छमध्ये अंजारजवळ लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधल्या गाळात इरिडियम जास्त असलेले पट्टे सापडले आहेत. इरिडियम हे पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, उल्कांमध्ये भरपूर. ते पट्टे नेमके त्या उल्केचेच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

अंजार भुजपासून जवळ आहे, म्हणजे लोडाईपासूनही. कच्छच्या दक्षिण भागात समुद्राच्या जुन्या थरांवर लासूरचाच काळा पाषाण पसरलेला आहे. दख्खनच्या लाव्हाचा पसारा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर, आणि त्याचा वायव्येचा काठ त्या समुद्राच्या तळावर जाऊन टेकतो. लासूरला खडीत जो दगड, तोच तिथे इक्थिओसॉरच्या समुद्रावर अंथरलेला. पुढे भारत आशियाला भिडला, कच्छची जमीन दाबली गेली, तडे गेले, थर उचलले गेले. २६ जानेवारी २००१ चा भूकंप त्याच जुन्या तड्यांमधल्या ताणाचा. जमीन उचलली म्हणून वरचे थर झिजले, आणि १५.२ कोटी वर्षं अंधारात पडलेला कणा पुन्हा उन्हात आला.

लोडाईच्या दक्षिणेला त्या उघड्या माळावर पोचा. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद, भुजच्या कच्छ विद्यापीठाचे महेश ठक्कर आणि गौरव चौहान, जयपूरचे धीरेंद्र पांडे आणि जर्मनीतले सहकारी यांनी इथल्या सांगाड्यावर काम केलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. भारतातला ज्युरासिक काळातला हा पहिला इक्थिओसॉर. सांगाडा जोडलेला आहे, पण पुरा नाही. कवटीचा काही भाग नाही, आणि कणा जिथे खाली वाकतो त्याच्या पुढचा, शेपटीच्या टोकाकडचा भागही गेलेला. कूळ ठरलं, पण प्रजातीचं नाव द्यावं इतकं शरीर उघडं नाही. लांबीसुद्धा उरलेल्या भागावरून हिशेबानं काढावी लागली.

एक मणका नीट पाहून घ्या, कारण पुढचा कुणाला मिळेल ते सांगता येत नाही. इक्थिओसॉरचा मणका म्हणजे जाड चकती, कॅरमची सोंगटी दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं दाबून खोलगट केली तर जशी दिसेल तशी, फक्त तिच्याहून पुष्कळ मोठी. कमानीची हाडं निखळून गेलेली असतात, म्हणून ती नुसती गोल दिसते आणि माणूस तिला दगड समजून पुढे जातो. तिरुचिरापल्लीच्या इक्थिओसॉरला लिडेकरनं १८७९ साली नाव दिलं ते निव्वळ अशा मणक्यांवरून.

लासूरच्या विहिरीत ही चकती मिळायची नाही. तिथे दोन पाषाणांच्या मध्ये पांढुरका किंवा हिरवट मऊ थर लागला आणि त्यात शंख दिसले, तर ते गोड्या पाण्याचे असतील, आणि तेही मोलाचे. पण कच्छला, बागला, नर्मदेच्या कडेला जिथे काळा पाषाण संपून पिवळा किंवा करडा दगड सुरू होतो, तिथे मान खाली घालून चाला. तशी चकती दिसली तर उपटू नका. तिच्यापुढची आणि मागची चकती बहुतेक आत ओळीनं असते, आणि ती ओळच सगळं सांगते. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा, आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा.